चोविसाव्या हिश्श्याची काळीपिवळी

तर आपण त्या आरशापाशी येऊन थांबलो होतो. आरसा हरभऱ्याच्या डाळीएवढा, गिरिधरच्या चिमट्यात धरलेला, आणि नेमकी तेव्हाच त्याला शिंक आली. आरसा गेला. मंग जालन्याच्या मस्तगडातल्या गिरिधरच्या घरात असा शोध सुरू झाला की शेजारच्यांना वाटलं त्याच्या बायकोचं, शरयूबाईंचं मंगळसूत्र हरवलं. केर काढायचा न्हाई, कुणी चप्पल घालून फिरायचं न्हाई, पंखा लावायचा न्हाई, असे हुकूम सुटले. वैशाखातली दुपार, पंखा बंद, आणि बासष्ट वर्षांचा माणूस फरशीला गाल टेकवून रांगतोय. आरसा दुसऱ्या दिवशी सापडला. शरयूबाईंनी डाळ निवडताना तो खडा समजून फेकला होता, तो गिरिधरनं कचऱ्याच्या टोपलीतून काढला, पुसला आणि मोटारीला लावला. मोटार वीतभर. खऱ्या मोटारीच्या बरोबर चोविसावा हिस्सा.

आणि हे सगळं कशासाठी, तर डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. रक्तदाब वाढलाय, मन शांत राहील असा काहीतरी छंद लावून घ्या. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढं भजन असेल, बागकाम असेल. गिरिधरच्या डोळ्यांपुढं मोटार आली. तेव्हापासून घरात शांत एकच वस्तू उरली, ती म्हणजे ती मोटार.

त्याचाही दोष न्हाई म्हणा. एकतीस वर्षं हा माणूस एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत उगवणशक्ती तपासत होता. ओल्या कागदावर शंभर दाणे चिमट्यानं मांडायचे, किती उगवले ते मोजायचे, पुन्हा शंभर मांडायचे. निरोपाच्या दिवशी कंपनीनं शाल दिली, नारळ दिला, आणि चिमटा त्यानं मागून घेतला. आता चिमटा घरी आला की त्याला काम लागतं. पार्सलातून सुट्ट्या भागांचे डबे येऊ लागले. दोन वर्षांत अकरा मोटारी झाल्या, सगळ्या परदेशी, लाल, चपट्या, जमिनीला पोट लावून बसलेल्या. त्या ठेवायच्या कुठं, तर शरयूबाईंच्या काचेच्या शोकेसात. तिथल्या बोन चायनाच्या कपबश्या खोक्यात घालून पलंगाखाली गेल्या आणि पाहुणे स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊ लागले.

"ज्या गाडीत या जन्मात बसायची न्हाई," शरयूबाई एकदा म्हणाल्या, "तिची धूळ मी रोज पुसायची व्हय?"

"तू पुसू नको. तुझ्या फडक्यानं वायपर मोडतात."

अशात एक दिवस जाफराबादहून मच्छिंद्र आला. गिरिधरचा शाळेपासूनचा दोस्त. जाफराबाद ते जालना काळीपिवळी जीप त्यानं चोवीस वर्षं चालवली. गिरिधर कॉलेजला जायचा तेव्हा याच्या बापाच्या जीपला मागं लटकून, आणि मच्छिंद्र आत बसून त्याची चप्पल ओढायचा. तर मच्छिंद्रनं शोकेससमोर उभं राहून अकराच्या अकरा मोटारी नीट पाहिल्या आणि विचारलं, "गिऱ्या, यातली एक तरी टेंभुर्णीच्या पुढच्या खड्ड्यातून वर येईल का रे?"

"या शर्यतीच्या गाड्या आहेत."

"मंग शर्यतीतच असू दे. माझी जीप बनवून दाखव. मागच्या महिन्यात भंगारात दिली. तिकडं तुमच्या एमआयडीसीत वितळून सळया झाल्या असतील. कुणाच्या तरी स्लॅबात पडली असंल, जल्माला पहिल्यांदा गप."

हसून सांगितलं त्यानं, पण सांगताना नजर शोकेसवरच होती. गिरिधरला मात्र त्यात आव्हानच दिसलं. त्यानं तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं की जीप बनवीन, आणि मच्छिंद्रनं ती आपली म्हणून ओळखून घरी नेली न्हाई, तर हा छंद बंद. शोकेस रिकामं. स्वयंपाकघरातून शरयूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही साक्षीला." त्याच दुपारी पलंगाखालचं खोकं बाहेर निघालं आणि कपबश्या धुऊन पालथ्या पडल्या.

काळीपिवळी जीपचा तयार डबा जगात कुठं मिळत न्हाई. प्लॅस्टिकचा पत्रा कापून सगळं हातानं करायचं होतं. आणि मापं घ्यायला जीपच शिल्लक नव्हती. गिरिधरनं फोन लावला.

"पुढची रुंदी सांग."

"पुढं मला धरून पाच."

"पाच काय? इंचात सांग."

"इंचात कुणी बसत न्हाई, गिऱ्या. मागच्या बाकावर चार बाप्ये, न्हाईतर पाच बाया. बोनेटवर दळणाचं पोतं आडवं टाकलं की दोन्हीकडं बराबर."

गिरिधरनं फोन ठेवला आणि इंटरनेटवरून कंपनीचं माहितीपत्रक काढलं. मिलिमीटरपर्यंत सगळी मापं मिळाली. अडीच महिने तो पत्रा कापत, घासत, रंगवत होता. जीप अशी झाली की नुकतीच शोरूममधून निघालेली. मच्छिंद्रला बोलावलं. त्यानं तळहातावर जीप घेतली, चष्मा लावला.

"कोणाची रे ही?"

"तुझी."

"माझी डावीकडं कलायची. लटकणारे सगळे डावीकडूनच लटकायचे, तिला सवयच लागली होती. आणि हे दार कशाला लावलं? माझं अर्धं बूड चोवीस वर्षं बाहेर होतं. दार असतं तर मी कुठं बसलो असतो?"

शरयूबाईंनी आतून विचारलं, "लावू का मंग कपबश्या?" गिरिधरनं एक मुदत मागून घेतली.

ज्या माणसानं आयुष्यभर वाकडा दाणा बाजूला काढला, त्याला आता मुद्दाम वाकडं करायचं होतं. डाव्या बाजूची स्प्रिंग त्यानं कानशीनं घासली, आणि पाप केल्यासारखे हात धुतले. मागच्या कोपऱ्याला बैलगाडीनं दिलेला पोचा होता, तो गरम चमच्यानं दाबून उमटवला. रंग सांडल्यासारखा सांडायला चार वेळा जमेना, इतका तो सरळच सांडायचा. रक्तदाबाची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, छंद लावला का? लावलाय म्हणाला. डॉक्टर म्हणाले, मंग थोडा कमी करा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मच्छिंद्र पुन्हा आला, या खेपेला गोजरबाईंना, म्हणजे बायकोला घेऊन. जीप टेबलावर कललेली उभी होती. दाराच्या जागी सुतळी बांधलेली. मच्छिंद्रनं ती उचलली. उलटी केली, सुलटी केली, पोच्यावरून बोट फिरवलं. शरयूबाई कपांचा ट्रे घेऊन शोकेसपाशीच उभ्या होत्या.

"माझीच हाय," तो म्हणाला.

गिरिधर खुर्चीत टेकला.

"पण रिकामी हाय. माझी जीप रिकामी एकदाच निघाली, भंगारात जायला. अशी मी घरी न्हाई नेणार. भरून दे. बावीस सिटा होत्या."

"परवाना नवाचा असतो."

"तो परवान्यावर असतो."

"भाऊजी, म्हणजे निकाल काय समजायचा?" शरयूबाईंनी विचारलं.

"वहिनी, निकाल गाडी भरल्यावर."

आता गिरिधरला माणसं करायची होती, आणि माणसांशी त्याचं कधी जमलं न्हाई, ना मोठ्या ना छोट्या. पुट्टीचे पहिले तीन प्रवासी निघाले ते सगळे कंपनीच्या मॅनेजरसारखे. मच्छिंद्र फोनवरून एकेक सीट सांगायचा. टपावर रखमाजी, छत्री उघडून. मधल्या बाकावर साहेबराव गुरुजी, दुसऱ्याच्या डोक्यावर पेपर पसरून वाचणारे. पुढं खिडकीशी गोजरबाई, मांडीवर टोपलं. त्यांची सीट तयार झाली तेव्हा त्या मुद्दाम बघायला आल्या.

"माझं नाक एवढं हाय का हो?"

"चोविसावा हिस्सा आहे, वहिनी."

"हा चोविसावा? मंग खरं केवढं म्हणायचं तुम्ही?"

नाक त्याच दिवशी कमी केलं.

संक्रांतीपर्यंत वीस सिटा झाल्या. महिन्याला सात-सात करणारा हात तिथं येऊन एकाएकी मंदावला. पुट्टी सुकली. ब्रश सापडेना. थंडीत रंग नीट बसत न्हाई, उन्हाळ्यात लवकर वाळतो. डाव्या बाजूला लटकणाऱ्या दोन जागा होळीला रिकाम्या होत्या, पाडव्याला रिकाम्या होत्या. गिरिधर रोज सकाळी शोकेस उघडायचा, बारावी गाडी बाहेर काढायचा, फुंकर मारायचा आणि आत ठेवायचा. गोळ्या दोनाच्या पुन्हा एकावर आल्या. गाडी भरली की ती शोकेसातून जाणार, हे दुखणं शरयूबाईंच्या ध्यानात आलं होतं. ट्रेमधल्या कपांवर त्यांनी रुमाल झाकला आणि आल्यागेल्याला पेल्यातून चहा देत राहिल्या, जरा आपटून.

परवा मच्छिंद्रचा फोन आला. शरयूबाईंनीच तो उचलून स्पीकरवर टाकला आणि समोर धरला.

"गिऱ्या, दसऱ्यापासनं बसवून ठेवलंय मला. दोन माणसांना चार महिने लागतात का रे कुठं? आता न्हाई थांबत मी. उद्या बाजारातून प्लॅस्टिकची जीप आणतो आणि टीव्हीवर ठेवून देतो. वहिनींना सांग, कपबश्या लावा म्हणावं."

शरयूबाईंनी फोन आणखी पुढं केला. गिरिधरनं हातातला चिमटा खाली ठेवला, शोकेसकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "उतरू नको रे मच्छ्या, बसून राह्य. दोनच सिटा राह्यल्यात, भरल्या की निघालोच."