वात काढलेली मेणबत्ती

पडणाऱ्या माणसाला पडू द्यायचं नाही, आणि पडलाच तर पुन्हा पडणार नाही असं बघायचं. फिजिओथेरपीच्या कॉलेजात इतक्या वर्षांत मला शिकवलं ते शेवटी एवढंच. आणि पहिली धड नोकरी लागली ती दिवसाला चाळीस वेळा हौसेनं पडणाऱ्या लोकांकडे. स्केटबोर्डवाल्यांकडे. गावात सांगायची पंचाईत. मावशी म्हणाली, "म्हंजे सर्कस काय व?" मी नाही म्हटलं खरं, पण मग नेमकं काय, ते मलाही सांगता येईना.

आम्ही पाच जण होतो. कॅप्टन, जो टेम्पो ट्रॅव्हलरही स्वतःच चालवायचा, बंगळुरूची दोन मुलं, विशाखापट्टणमची एक मुलगी, आणि मी. आज या शहरात स्पर्धा, परवा त्या शहरात नुसतं खेळून दाखवायचं, असं वर्षभर चालायचं. मागच्या सीटवर माझी बर्फाची पेटी आणि पट्ट्या. सकाळी एकाचा घोटा, दुपारी दुसऱ्याचा गुडघा. मी म्हणायचे, आठ दिवस विश्रांती. ते म्हणायचे, हो. अर्ध्या तासानं बघावं तर स्वारी पुन्हा बोर्डवर. सुरुवातीला मी भांडले. मग वाटायला लागलं, पालथ्या घड्यावर पाणी घालायला मला ठेवलंय कशाला?

त्यांची एक रीत होती. कोणाला अवघड उडी साधली की बाकीचे टाळ्या वाजवत नसत. आपापला बोर्ड उभा धरून त्याचं टोक जमिनीवर आपटायचे, ठक ठक ठक. पण ती उडी साधण्याआधी तो माणूस तीस वेळा पडलेला असायचा आणि तेव्हा कोणी अरेरेसुद्धा म्हणत नसे. आमच्याकडे दहावीत एकदा नापास झालेल्या पोराची ती गोष्ट लोक त्याच्या लग्नातही काढतात. त्यामुळे हे सगळं मला चांगलं वाटायचं की चीड यायची, तेच कळत नसे.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीची गोष्ट. नागपूरचं काम आटोपलं होतं आणि हैदराबादची स्पर्धा आठ दिवसांवर होती. मुलीचं सगळं त्या स्पर्धेवर होतं. उन्हाळ्यात परदेशच्या दौऱ्यावर तिघांपैकी दोघंच जाणार होते, आणि कोण ते कॅप्टन हैदराबादेत ठरवणार होता. घरच्यांनी तिला एकच वर्ष दिलं होतं. नाही जमलं तर परत येऊन भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसायचं. तिची एक उडी होती: बोर्डसकट ओट्याच्या कडेवर चढायचं, चाकांमधल्या दांड्यावर कडेनं घसरत जायचं आणि उतरताना अर्धी गिरकी घ्यायची. गिरकीत ती पडायची. ती उडी हैदराबादेत साधली असती तर तिला कोणी डावलू शकलं नसतं.

नागपुरातली सरावाची जागा ऐन वेळी हातची गेली. कॅप्टनला गुळगुळीत सिमेंट आणि लांब कड हवी होती. माझी जीभ नको तिथे पुढे. मी म्हटलं, "आमच्या दिग्रसला आहे."

माझे बाबा दिग्रसला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, चौकीदार होते. कापूस उतरवायचा तिथला सिमेंटचा ओटा शंभर पावलं लांब, आणि गाड्यांच्या धक्क्यानं कड फुटू नये म्हणून तिला लोखंडी पट्टी मारलेली. नोव्हेंबर सरत आला तरी त्या वर्षी जिनिंग सुरू झालं नव्हतं. ओटा रिकामा, आणि बाबा तो रोज झाडायचे. त्यांचं काम एकच: आत ठिणगी जाऊ द्यायची नाही. वाळलेल्या कापसाला एक ठिणगी पुरते. तीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकदाही आग लागली नव्हती आणि ही गोष्ट आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागायची.

मालकांनी फोनवर हो म्हटलं. काय कल्पना करून म्हटलं, कुणास ठाऊक.

गेटवर बाबांनी सगळ्यांना थांबवलं आणि बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा पुढे केला. आगपेटी, लायटर, विडी जे असेल ते त्यात. कॅप्टनचा लायटर गेला. मग मुलीच्या पिशवीतून मेणबत्ती निघाली.

"हे कायले?" बाबांनी मला विचारलं.

"कडेले घासते ते लोक, बाबा. मंग बोर्ड सटकते."

"मेणबत्ती आत नाही जात."

"पेटवणार नाही न जी."

"सगळे असंच म्हणते."

घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदनेला मेणबत्ती लावणारा हा माणूस, पण गेटच्या आत त्याला मेणबत्ती म्हणजे साप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे ताटकळत उभे, आणि बाबा मेणबत्ती घेऊन चौकीत निघून गेले. दहा मिनिटांनी आले. मेणबत्ती उभी चिरून वात ओढून काढली होती आणि दोन्ही फाका रबरानं पुन्हा नीट बांधल्या होत्या. वात त्यांनी डब्यात टाकली आणि मेण मुलीच्या हातात दिलं. "आता ने."

ती हसली नाही. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं. तेव्हापासून दोघांचं सूत जमलं. ती तिच्या तेलुगू वळणाच्या हिंदीत बोलायची, बाबा वऱ्हाडी हिंदीत, आणि दोघांनाही सगळं समजल्यासारखं वाटायचं. बाबा खुर्ची टाकून दिवसभर तिचं पडणं बघत बसायचे. "हे पोरगी इतकी पडून काहून राह्यली?" त्यांनी पहिल्या दिवशी मला विचारलं. मी म्हटलं, "शिकून राह्यली." त्यांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना तिच्या बोर्डचा झिजलेला दांडा लोखंडी पट्टीवर घासला आणि ठिणगी उडाली. एवढीशी. बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं, संपलं, आता सगळ्यांना गेटबाहेर काढतात. पण ते कडेपाशी वाकले. पट्टीवरून हात फिरवत ओट्याच्या टोकापर्यंत गेले आणि तसेच परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टपरीवरून चहा आणत होते. बाकीचे अजून उठायचे होते. मुलगी एकटीच ओट्यावर होती. मी गेटातून आत शिरले आणि तिनं वेग घेतला. उडी घ्यायला म्हणून ती वाकली, तर उडीच्या आधीच चाकं बाजूला गेली. ती उजव्या हातावर पडली. तिचं पडणं मी शेकडो वेळा पाहिलं होतं, हे वेगळं होतं. मी चहाची किटली खाली ठेवून पळाले. ओट्यावर हात टेकला तर हात ओला झाला.

बाबा पाइप गुंडाळत उभे होते.

"पाणी तुमी टाकलं?"

"हो. काल ठिणगी पडली न. सीझनमधी टाकतोच न आपण, गाड्या यायच्या आधी. धूळ बसते, ठिणगी मरते."

"चाकं घसरते, बाबा, त्याच्यानं."

त्यांनी हातातल्या पाइपकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग पाइप खाली ठेवला, जशी काही ती विजेची जिवंत तार होती.

एक्स-रेत हाड शाबूत दिसत होतं. पण अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा असतो. तो दाबल्यावर तिनं हात मागे ओढला. तिथलं हाड तडकलं तर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही, दहा-बारा दिवसांनी दिसतं. आणि त्यावर पुन्हा पडलं तर मनगट जन्माचं जातं. "दर्द नहीं है, दीदी," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि म्हणत होती दर्द नहीं.

कॅप्टनला तिनं सांगितलं की चूक तिचीच. मी तिला एकटीला गाठून विचारलं, "खोटं का बोललीस?" ती म्हणाली, "झूठ नहीं, दीदी. पानी मैंने देखा था. मुझे लगा, हो जाएगा." हे खरं होतं की बाबांना वाचवायला रचलेलं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. ओलं दिसत असताना कोणी कसं जाईल? पण ही माणसं कोरड्यावर तरी शहाण्यासारखी कुठे वागत होती?

कॅप्टननं मला एकच विचारलं, "खेळू शकेल? हो की नाही?"

मला उत्तर येत होतं. पण उत्तराच्या मागे बाबा उभे होते. नाही म्हटलं, तर माझ्या बापानं जिला पाडलं तिची जागा मीच काढून घेत होते. हो म्हटलं, तर तिचा हात. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते. एक्स-रे दहा वेळा उजेडात धरला, जसं काही बघून बघून त्यात उत्तर उमटणार होतं.

दुपारी बाबाच कॅप्टनकडे गेले. टोपी काढून हातात धरली होती. "साहेब, पानी मैं डाला था. उसकी गलती नहीं."

कॅप्टन म्हणाला, "अंकल, हम तो रोज गिरते हैं." त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो सामान भरायला निघून गेला.

बाबा तिथेच उभे. मग मला म्हणाले, "थो मले बोलला काहून नाही?"

"राग नाही आला त्याले, बाबा."

"राग काहून नाही आला? इथं एक चूक झाली का सगळं जळते. बोलाले पाहिजे होतं त्यानं."

मी तर स्वतःच त्या दोन जगांच्या मधे लटकले होते. बाबांना शिव्या हव्या होत्या आणि त्या द्यायला कोणी तयार नव्हतं.

संध्याकाळी मी नाही म्हटलं.

पांढरकवडा गेलं, आदिलाबाद गेलं, मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. हैदराबादेत ती हाताला पट्टी बांधून कडेला बसली, आणि बंगळुरूच्या मुलांना उडी साधली की डाव्या हातानं आपला बोर्ड आपटत राहिली. दोघांचीही निवड झाली. बाराव्या दिवशी दुसरा एक्स-रे काढला. केसासारखा बारीक तडा होता. मला आधी आनंद झाला. माझं बरोबर होतं, असं ओरडून सांगावंसं वाटलं. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर लाजेनं मेले. एवढं हिचं गेलं आणि मला काळ्या फिल्मवरची रेघ बघून आनंद होतोय.

पण एक गोष्ट त्या रेघेनं सुटली नाही. पाणी दुसऱ्या कोणी टाकलं असतं, तरी मी इतक्या ठामपणे नाही म्हटलं असतं का? की माझ्या बापाची चूक होती म्हणून, कोणी बोट दाखवू नये म्हणून, मी दुप्पट कडक झाले? त्यानंतर कितीतरी मनगटं या हातांखालून गेली, पण हे मला सांगता येत नाही.

ती भावाच्या दुकानात जाऊन बसली. मार्चमध्ये तिचा फोन आला. प्लास्टर निघालं होतं. गिरकीची उडी करून व्हिडिओ पाठवला तर पुढच्या वर्षी बघू, असं कॅप्टननं सांगितलं होतं. "तुमच्या बाबांच्या ओट्यावर चालेल?" तिनं विचारलं. मी घरीच होते. परदेशच्या दौऱ्यावर माझीही गरज नव्हती. जिनिंग त्या हंगामात सुरू झालंच नाही.

ती यवतमाळच्या बसनं आली. गेटवर कोणी काही म्हणायच्या आत तिनं खिसे उलटे करून दाखवले. बाबांनी तिचा उजवा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि सोडून दिला.

ओटा कोरडा ठणठणीत होता. त्या सकाळनंतर बाबांनी तिथे थेंबभर पाणी टाकलं नव्हतं. पण कडेजवळ गेल्यावर ती चक्रावलीच. लोखंडी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी झाली होती, मेणाचे थरावर थर. दर रविवारी बाबा वात काढून मेणबत्त्या घासत होते. चार महिने.

"मशीनले ग्रीस लागते न," ते म्हणाले. मग तिचं तोंड बघून, "जास्त झालं का?"

"थोड़ा ज़्यादा, बाबा."

एवढ्या मेणावर ती सरळ गेटबाहेर जाऊन पडली असती. आम्ही तिघं खुरपी घेऊन बसलो आणि तासभर मेण खरवडलं. बाबांनी खरवडलेलं मेण एका फडक्यात गोळा केलं, टाकलं नाही.

मग तिनं वेग घेतला. कडेवर चढली, घसरत गेली, गिरकी घेतली आणि पडली. उजव्याच हातावर. मी हाक मारणार, तेवढ्यात तिनं तोच तळवा सिमेंटवर टेकवला, त्यावर सगळा भार दिला आणि उठली.

मागून आवाज आला. ठक ठक ठक. बाबा चौकीदाराची काठी ओट्यावर आपटत होते.

"जमल्यावर वाजवते ते लोक, बाबा," मी म्हटलं. "पडल्यावर नाही."

"माहीत हाये मले," बाबा म्हणाले, आणि काठी आपटतच राहिले.

मुलीनं बोर्ड उचलला आणि ती पुन्हा ओट्याच्या त्या टोकाला गेली.