लाल औषधाचं पाणी

समाजसेवा शिकवणाऱ्या आमच्या वर्गात फळ्याला फारसं काम नसे. बाई सकाळी तासभर बोलायच्या आणि मग आम्हाला वस्तीत पिटाळायच्या. संध्याकाळी परत आलो की काय पाहिलं ते सांगायचं. बाईंचे प्रश्न सुरू झाले की आपण धड काहीच पाहिलं नाही, हे लक्षात यायचं. माझ्या वाट्याला जुन्या नाशकातला विणकरांचा मोहल्ला आला होता.

मी पंचवटीतल्या भटजींची मुलगी. यात्रेकरूंचे विधी हा आमच्या घरचा व्यवसाय. लग्नाला वर्ष व्हायच्या आत विधवा होऊन मी माहेरी आले, तेव्हा माझं पुढे काय, या काळजीने बाबांनी नाइलाजाने वर्गाला परवानगी दिली. अट एकच. ‘‘तिथे कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. प्यालीस तर वर्ग बंद.’’ वर्ग सुटला असता तर चुलीखेरीज माझ्यापुढे काही उरलं नसतं, म्हणून मी ती अट पाळत होते.

मोहल्ल्यात गेलं की बायका आधी पाणी पुढे करायच्या. मी म्हणायची, ‘‘आज माझा निर्जळी उपास आहे.’’ सोमवारी उपास, मंगळवारी उपास, शुक्रवारीही उपास. इतके उपास करणारी बाई वाळून काडी व्हायला हवी होती. मी आपली चांगली गुटगुटीत! बायका हसायच्या, मीही हसायची, आणि विषय मिटायचा.

त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली. मोहल्ल्याच्या विहिरीत नगरपालिकेच्या माणसाने लाल औषध टाकलं आणि पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुणी फिरकेना. बायका घागरी घेऊन नदीची वाट धरत होत्या, आणि साथ नदीच्या पाण्यातूनच पसरत होती. ‘‘विहीर पुन्हा सुरू झाली पाहिजे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कशी, ते तू बघ.’’

मी गेले तेव्हा गल्लीतून नुकताच एक जनाजा गेला होता. माग बंद होते. मी नेहमी जिच्या घरी बसायची त्या म्हाताऱ्या खालाच्या दारात बायका जमल्या होत्या. खालाची सून दिवस भरलेली, भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासाठीही नदीचंच पाणी आणलं होतं. औषधाने जंतू मरतात, माणूस मरत नाही, असं मी घसा फोडून सांगत राहिले.

खालाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘बेटी, आमच्या पोरीला पाजायला सांगतीस, अन् तू सोता कधी घोटभर नाय घेतलं. रोज कसला गं उपास? त्यात काय टाकलंय ते तुला ठाऊक हाय, म्हनून तू पीत नाय.’’

‘‘उपास तर औषधाच्या आधीपासून आहेत,’’ मी म्हटलं. मलाच ते पटेना.

ती उठली, विहिरीवर गेली आणि कल्हईचा कटोरा भरून माझ्यापुढे धरला. ‘‘पी.’’

मला भयंकर राग आला. खालाचा, बाबांचा, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या उपासांचा. मी कटोरा घेतला. वर्ग सुटला, आता सुटलाच, एवढंच डोक्यात होतं. मी पाणी प्याले. गंजल्यासारखी चव लागली. बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी आत्ता कोसळणार. मी तिथेच बसून राहिले. दुपारची अजान झाली तरी मी जिवंतच होते. तेव्हा सुनेने हात पुढे केला. ‘‘मलाबी दे.’’ थोड्या वेळाने विहिरीवरचा रहाट कुरकुरायला लागला. मला रडू आवरेना.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘पंचगव्य घे, म्हणजे मिटलं. वर्गही चालू दे.’’

मी सुटकेचा निःश्वास टाकणार होते. पण पंचगव्य घेतलं असतं, तर खालाच्या कटोऱ्यात घाण होती असं मीच कबूल केलं असतं. मी नाही म्हणाले. त्यांनी वर्ग बंद केला नाही. माझा तांब्या मात्र पडवीच्या टोकाला वेगळा ठेवला गेला, आणि माझ्या हातचं पाणी घरात कुणी घेईना.

श्रावणात बाबा तापाने फणफणले. आई देवळात गेली होती. ‘‘पाणी,’’ ते म्हणाले. माठाला हात लावायची मला मुभा नव्हती, म्हणून मी माझाच तांब्या भरून आणला. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. तांब्याकडे बघून त्यांनी ते मिटून घेतले.

‘‘बाबा,’’ मी म्हटलं, ‘‘मी आधी पिऊन दाखवू का?’’

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, आणि आई येईपर्यंत ते तसेच तहानलेले पडून राहिले.