चार वर्षांची चटणी

कोल्हापूर सोडलं त्या दुपारी आई स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि माझी भरलेली बॅग पुन्हा उघडत होती. निखिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती आदल्या दिवशी वजन करून, कुलूप घालून ठेवली होती. तो पुण्याचा. त्याला वाटलं, कुलूप घातलं की विषय संपला. आईनं माझ्याकडून किल्ली घेतली, माझा जाड स्वेटर बाहेर काढला आणि त्या जागेवर चटणीची पिशवी दाबून बसवली. "स्वेटर काय, तिकडं बी मिळतोय. ही मिळायची न्हाई," ती म्हणाली. जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ऑकलंडला उतरले तेव्हा माझे दात वाजत होते. अंगात स्वेटर नव्हता, बॅगेत चटणी होती.

चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. कांदा-लसूण मसाल्याला आमच्याकडं चटणीच म्हणतात, आणि वर्षभराचा सगळा स्वयंपाक तिच्या जिवावर चालतो. एप्रिल आला की आई मिरच्या आणते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, आणि झणका यायला मूठ-मूठ लवंगी. देठ काढायचे, उन्हात वाळवायच्या, खोबरं-धणे-तीळ भाजायचे, कांदा तळायचा, मग सगळं डोक्यावर घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत, नंबर लावायचा. तिथं आई तीन-तीन तास उभी असते, नाकाला पदर लावून. दुसऱ्या कुणाची चटणी आपल्यात मिसळली तर काय घ्या! घरी आल्यावर जुन्या धोतरावर तो लाल ढीग पसरायचा आणि वाटे घालायचे. हा दादाचा, हा मावशीचा, हा शुभीचा. शुभी म्हणजे मी. माझ्या वाट्याच्या पिशवीवर ती पेननं माझं नाव आणि साल घालते, आणि कोल्हापूर-सांगलीकडचं कुणी न्यूझीलंडला निघालं की त्याच्या गळ्यात मारते. लोकही बिचारे आणतात, विमानतळावर डिक्लेअर करतात, आणि मला फोन करून सांगतात की वहिनी, आमचे सगळे कपडे तुमच्या माहेरच्या वासाचे झालेत.

सुरुवातीची वर्षं मी ती चटणी इमानेइतबारे वापरली. ऑकलंडपासून दीड तासावर, हॅमिल्टनच्या आमच्या भाड्याच्या घरात रविवारी तांबडा रस्सा शिजायला लागला की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायचा, आणि निखिल टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभा राहायचा. जाळ आणि धूर संगटच! मटण घ्यायला आम्ही गाडी काढून पार ऑकलंडच्या पापाटोएटोपर्यंत जायचो. आमचे बाबा म्हणायचे, जेवताना कपाळावर घाम आला नाही तर ते जेवण नव्हे, ती नुसती हजेरी. बाबा माझ्या लग्नाआधीच गेले, पण त्यांचं हे वाक्य मी निखिलला इतक्यांदा ऐकवलं की तो जेवायला बसताना आधी टिश्यूचा डबा घ्यायचा.

मग माझ्या नोकरीत एक गोष्ट झाली. मी दूध पावडरच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिथं एक टेस्टिंग पॅनल असतं. सात-आठ जण सोमवारी सकाळी पांढऱ्या खोलीत बसतात, लहान-लहान कपांतून दूध चाखतात आणि काय चुकलंय ते सांगतात. माझी जीभ तेज निघाली. हे दूध जास्त तापलंय, याला पुठ्ठ्याचा वास लागलाय, इथपर्यंत मला कळायला लागलं. मॅनेजर खूश, मीही खूश. पॅनलचा नियम एवढाच की आदल्या दिवशी तिखट नाही, लसूण नाही, कच्चा कांदा नाही. कोल्हापूरच्या पोरीनं मिळमिळीत कसं ओळखायचं याचा पगार घ्यायचा, आणि त्यासाठी रविवारचा रस्सा बंद. मी म्हटलं, ठीक आहे, शनिवारी करू. पण शनिवारी इराची नेटबॉलची मॅच. इरा आमची लेक, इथंच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. तिचं एकच पालुपद, "मम, टू स्पायसी." असं करत करत चटणी स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये गेली, गॅरेजमधून तिथल्या फ्रीजरमध्ये, आणि फ्रीजरमध्ये मटाराच्या पाकिटांखाली.

आता खरं सांगते. इथपर्यंत काही पाप नव्हतं. पाप पुढं आहे.

आमची रविवारची संध्याकाळ म्हणजे तिकडं आईची दुपार. ती जेवायच्या आधी व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न असतो, "रस्सा दाखव की." पहिल्या रविवारी मी म्हणू शकले असते, आई, आज नाही केला, उद्या ऑफिसात दूध चाखायचंय. पण तिनं तीन-तीन तास उभं राहून कुटून आणलेली चटणी, आणि मी सांगू दुधासाठी खात नाही? माझ्या तोंडून निघालं, "थांब, उकळतोय." मग धावपळ. घरात पॅप्रिका होती, सुपरमार्केटची, रंगाला लाल आणि चवीला काहीच नाही. टोमॅटो पेस्ट होती. दोन्ही तेलात परतून चिकनच्या पाण्यावर सोडली आणि वर असा काही कट आला म्हणता, बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मी फोन पातेल्यावर धरला. आई चष्मा वर करून बघत राहिली. "रंग काय आलाय गं! यंदा मिरची लागली बघ." ती इतकी खूश झाली की पुढच्या रविवारी मी आधीच तयारी करून ठेवली. खोटं बोल पण रेटून बोल, असं म्हणतात ना, मी तर ते शिजवून दाखवलं. इरा तो रस्सा आवडीनं खायची, सोमवारी माझी जीभ स्वच्छ असायची, आई तिकडं समाधानानं भाकरी मोडायची. कुणाचंच काही बिघडत नाही, असं मी स्वतःला चार वर्षं सांगितलं. आणि दर वर्षी नवी पिशवी आली की गॅरेजमध्ये जाऊन, कुणी बघत नाही ना हे बघून, फ्रीजरच्या तळाशी सरकवली. आपल्याच घरात चोरासारखी!

या जानेवारीत आई आली, पहिल्यांदाच. ती येणार म्हटल्यावर मी एक पिशवी बाहेर काढून अर्धी चटणी स्वयंपाकघरातल्या डब्यात भरली आणि उरलेली परत फ्रीजरमध्ये टाकली होती. देखावा पुरा. बाकीच्या पिशव्यांचं नंतर बघू म्हटलं आणि विसरले. आई आठवडाभरात रुळली. सकाळी फिरायला जायची आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाला "किया ओरा", म्हणजे इथला माओरी रामराम, म्हणायची. अकरा वर्षांत माझ्याशी न बोललेली माणसं तिच्याशी थांबून बोलायची.

एका दुपारी इरा स्कूटरवरून पडली. मी कामावर होते. आई बर्फ शोधत गॅरेजमधल्या फ्रीजरपाशी गेली. पाचला मी घरी आले तर इरा सोफ्यावर, गुडघ्यावर मटाराचं पाकीट. आणि किचनच्या ओट्यावर ओळीनं चार पिशव्या. तीन न फोडलेल्या, एक अर्धी. प्रत्येकीवर माझं नाव आणि साल, आईच्या अक्षरात. आई चहा गाळत होती. तिनं मला चहा दिला, इराला किती लागलंय ते सांगितलं, डॉक्टरची गरज नाही म्हणाली. पिशव्यांबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, ओरड की बाई, दोन रट्टे घाल. रात्री तिनं भाकरी करायला घेतल्या. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवताना तिनं विचारलं, "शुभे, रंग कशाचा होता गं?"

मी सांगितलं. पॅप्रिका. म्हणजे एक प्रकारची मिरचीच, पण तिखट नसते.

"बिनतिखटाची मिरची," ती म्हणाली. मग तवा उतरवून ठेवला. "आणि मी तिकडं ब्याडगी वाढवत बसले."

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. मी दर रविवारी रंग दाखवायचे, रंगाचं कौतुक व्हायचं, म्हणून तिला वाटलं लेकीला रंगाची चटणी आवडते. पोरीला आता तिकडच्या हवेत तिखट सोसत नसेल, असंही वाटलं. म्हणून तिनं ब्याडगी वाढवली आणि लवंगी कमी करत आणली. कुटायची एकदाच, सगळ्यांची मिळून. म्हणजे दादाच्या ताटात तीच, मावशीच्या ताटात तीच. "दादा दोन वर्षं कुरकुरतोय, आई, चटणीत दम न्हाई राहिला. मी म्हटलं, गप खा. शुभीला अशीच लागती."

मी इथं एका पातेल्यात खोटं शिजवत होते आणि तिकडं माझं आख्खं माहेर मिळमिळीत जेवत होतं. का, तर साता समुद्रापलीकडं मला गोड लागावं म्हणून. मी रडले, चांगली मोठ्यानं रडले. इरा लंगडत आली आणि विचारायला लागली की आजी रागावली का. आई म्हणाली, "न्हाई गं बाळा, कांदा चिरला." कांदा कुठंच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आईनं चारही पिशव्या उघडून वास घेतला. जुन्या दोन्हींचा वास गेला होता. मी म्हटलं, दे, मी टाकते. तिनं पिशव्या मागं ओढल्या. "कुटली मी, टाकते बी मीच." बाहेरच्या लाल झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात तिनं त्या स्वतः ओतल्या, पिशव्या झटकल्या, आणि पिशव्या मात्र धुऊन वाळत घातल्या. मी खिडकीतून बघत उभी राहिले. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या रविवारी तिनं खरा तांबडा रस्सा केला आणि इरासाठी नारळाच्या दुधातला पांढरा. सगळे एकदम जेवायला बसलो. निखिल टिश्यू घेऊन आला. मी पहिली वाटी ओरपली आणि डोळ्यांतून पाणी आलं. ब्याडगी वाढवलेली, लवंगी कमी केलेली चटणी, आणि तीही मला सोसेना! आई बघत होती. तिनं पांढऱ्या रस्स्याची वाटी माझ्याकडं सरकवली. मी ती परत सरकवली आणि तांबडाच संपवला. जेवण झाल्यावर मॅनेजरला मेसेज केला, रात्री तिखट खाल्लंय, उद्या पॅनलला मला धरू नका. दोन मिनिटांत उत्तर आलं, "स्वीट अ‍ॅज, नेक्स्ट वीक." म्हणजे, हरकत नाही, पुढच्या आठवड्यात ये. एवढंच. हे मी चार वर्षांपूर्वी विचारलं असतं तर? विचारलंच नाही मी. नियम कंपनीचा होता, पण त्याच्याआड लपून बसले होते ती मी.

आई निघाली तेव्हा विमानतळावर, आत जायच्या आधी, पदर सारखा करत तिनं विचारलं, "मग यंदा तुझा वाटा नको न्हवं काढायला?" टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. किती मिरची आणायची ते ठरवायचं होतं तिला. मी म्हणाले, फोनवर बोलू. 'काढ' म्हणायला तोंड नव्हतं आणि 'नको' म्हणवत नव्हतं. ती आत गेली.

माझ्यासारखे जे निघून आलात, आणि जे मागं राहून पिशव्या भरता, तुम्हा दोघांनाही हे सांगायचंय. घर कुठलं, असं इथं आम्हाला सारखं कुणीतरी विचारतं. मी पूर्वी कोल्हापूर म्हणायचे, मग हॅमिल्टन म्हणायला लागले. आई गेल्यानंतरच्या त्या दोन-अडीच महिन्यांत मला कळलं की वाटे घालताना जिथं आपलं नाव घेतात ते घर. आणि ते नाव आपल्या करणीनं पुसलं जाऊ शकतं. मी रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आईचाच कॉल आला. फोन दादाच्या हातात. धोतरावर तोच लाल ढीग, आणि आई वाटी घेऊन बसलेली. "बोल शुभे. काढू का नको?"

"काढ," मी म्हणाले. "आणि ब्याडगी?"

"जुन्या मापानं हाय," मागून दादा ओरडला. "आता कुठं आलाय दम!"

आईनं माझ्या पिशवीत चार वाट्या घातल्या, थांबली, आणि दोन परत ढिगात टाकल्या. "एवढीच देते. संपली की कळव, मग आणि देते. आणि हे बघ, रस्सा दाखवू नको मला. रिकामा डबा दाखव."

जूनमध्ये चटणी पोचली. डबा आता गॅसशेजारी आहे, गॅरेजमध्ये नाही. पॅनलला मी आता दोन आठवड्यांतून एकदाच जाते. इरा करंगळीचं टोक बुडवून चाटते, ओरडते, आणि पुन्हा बुडवते. मला अजून ठसका लागतो. तीस वर्षं जे पचवलं ते पुन्हा पहिलीपासून शिकतेय.

परवाच्या रविवारी आईनं विचारलं, "संपला का डबा?" अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. जुनी सवय, जीभ वळवळली. पण मी झाकण काढलं आणि फोन डब्यावर धरला.

आई चष्मा वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे. सावकाश खा. मी हाय की अजून."