हात वाळेपर्यंत

पद्माक्कांनी माझ्या स्पॅनिशच्या वर्गात दीड वर्ष काढलं आणि त्या दीड वर्षात एकही क्रियापद वहीत उतरवून घेतलं नाही. मी फळ्यावर 'मी खातो, तू खातोस' लिहायला लागलो, की त्या पेनाला टोपण लावायच्या, चष्मा डोक्यावर चढवायच्या आणि माझं आवरण्याची वाट बघत बसायच्या. "मास्तर, खाणं कुठंबी खाणंच. त्यांच्यात आधी कोण खातंय ते सांगा," हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या वहीवर 'स्पॅनिश' असं लिहिलेलंच नव्हतं. ठसठशीत अक्षरात 'रीत' एवढंच होतं आणि आत एकेका पानावर एकेक रीत.

माझा वर्ग मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली चक्की सुरू झाली की वर फळा थरथरायचा. मी पुण्यात सहा वर्षं स्पॅनिश शिकून आलो होतो आणि त्याचा तोरा सांभाळून होतो. वर्गात सगळी विशीतली मुलं, परदेशी कंपनीत नोकरी पाहिजे म्हणून आलेली. त्यांच्यात बासष्ट वर्षांच्या पद्माक्का, इरकली साडी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सगळ्या वर्गाला पुरेल एवढं भडंग. घराणं जैन, त्यामुळे भडंग बिनलसणाचं. कोल्हापुरात ते खाऊन कुणी नावं ठेवली नाहीत, यावरूनच त्यांचा हात कळावा.

"अक्का, या वयात स्पॅनिश कशाला?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"विहीण यायचीय."

त्यांचा एकुलता एक मुलगा सन्मती मेक्सिकोत मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. तिथल्याच लुसीया नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. जयसिंगपूरला अक्कांच्या माहेरी कुजबुज झाली, ती त्यांनी एका वाक्यात मिटवली, "पोरगं खूश हाय, तुम्हाला काय तरास हुतोय?" अडचण होती लुसीयाच्या आईची. कार्मेनबाईंनाही ती एकच मुलगी, नवरा गेलेला. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं त्यांनी कळवलं होतं आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात त्या कोल्हापुरात येणार होत्या.

"बराबरच हाय की," अक्का म्हणाल्या, पण आवाज बारीक झाला होता. "माझंच कायतरी चुकायचं, बाई रुसून जायची आणि पोराचं मोडायचं. तुमची परीक्षा राहू द्या मास्तर. माझी डिसेंबरात हाय."

मी एखादी रीत सांगितली की अक्कांचा एक प्रश्न ठरलेला. "आणि न्हाय केलं तर काय हुतंय?" याचं उत्तर पुस्तकात कधीच नसायचं. मेक्सिकोत वर्षाच्या शेवटच्या दिवशी लोक रिकामी बॅग घेऊन घराभोवती चक्कर मारतात, म्हणजे नव्या वर्षात प्रवास घडतो, असं मी सांगितलं. न केलं तर काय होतं? मी म्हणालो, "काही नाही, प्रवास घडत नाही." "मग करूया की, काय जातंय," म्हणून एकतीस तारखेला सकाळी दहा वाजता अक्का चाकांची बॅग ओढत पेठेत निघाल्या. दोन रिक्षावाले थांबले. तिसऱ्यानं बॅग उचलून आतच ठेवली. शेजारच्या सरोजवहिनी पदर सावरत मागं धावल्या, "अक्का, रुसून कुठं निघालाय? कोण काय बोललं का?" अक्का एकट्याच राहत होत्या, त्यांना घरात बोलणार कोण, हे त्या गडबडीत वहिनींच्या ध्यानात आलं नाही.

तिकडच्या बायका भेटल्यावर गालाला गाल लावतात आणि चुंबनाचा आवाज हवेत काढतात, हे ऐकून मात्र अक्कांनी वहीतलं ते पान आठवडाभर कोरंच ठेवलं. मग एक दिवस म्हणाल्या, "करून घ्या माझ्याकडनं." वर्गातल्या मुलींची रांग लावली. गाल बरोबर लागला, पण अक्कांनी आवाज असा काढला, की खाली गिरणीत पोत्यावर झोपलेलं मांजर जिना चढून वर आलं. दुसऱ्यांदाही आलं. तिसऱ्यांदा ते गेलंच नाही, दारात बसून राहिलं.

पिन्याताचं प्रकरण सगळ्यांत गाजलं. कागदाच्या लगद्याचं गाढव करायचं, पोटात खाऊ भरायचा, टांगायचं आणि काठीनं फोडायचं. मी चित्र दाखवलं तशी अक्कांनी वही मिटली.

"गाढवाला काठीनं मारायचं?"

"कागदाचं आहे हो, अक्का."

"असंना. आमच्या पुराणात एका राजानं पिठाचा कोंबडा कापला, तर किती जन्म फिरावं लागलं त्याला. मनात मारायचं आलं की झालं मास्तर."

मी घाईघाईनं पुस्तकाची पानं उलटली आणि सुटका झाली. जुन्या पद्धतीचा पिन्याता चांदणीचा असतो, तिला सात टोकं, सात म्हणजे सात पापं. अक्कांचा चेहरा उजळला. "आमच्यातबी सातच व्यसनं हायती. मोजून सात. ही माणसं जैनच की, जरा वाट चुकल्याली." मका, राजमा, भोपळा आणि मिरची हे तिकडचं जेवण आहे असं कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली.

चांदणीची ऑर्डर त्यांनी गणपती करणाऱ्या एका कारागिराला दिली. फोडायची आहे हे सांगायचं तेवढं राहिलं.

एका दुपारी मी 'सोब्रेमेसा' शिकवली. जेवण झाल्यावर उठायचं नाही, ताटं समोर ठेवून तासन्‌तास बोलत बसायचं, याला तिकडे वेगळं नाव आहे आणि मान आहे. हे मराठीत कसं सांगावं म्हणून मी चाचपडत होतो.

"हात वाळंस्तवर बसायचं म्हणा की," अक्का म्हणाल्या.

मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत थांबलो. तो आला नाही. त्या पेनाच्या टोपणाशी खेळत होत्या. "सन्मतीचं वडील, आमचं अण्णा, होतं तवा असंच बसायचो," त्या म्हणाल्या. "आमटी हाताला वाळून पापुद्रं निघायचं, तरी उठायचं न्हाय. आता भाकरी खाल्ली की ताट घ्यायचं आणि उठायचं. भिताडाशी काय बोलायचं?" मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि मी पुसलेला फळा परत पुसायला घेतला. खाली चक्की सुरू झाली, हे बरं झालं.

डिसेंबर उजाडला. मी दुभाषा म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून हजर होतो. गाडी दारात थांबली. सन्मती उतरला, लुसीया उतरली आणि मागून ठेंगण्या, भरल्या अंगाच्या कार्मेनबाई. अक्का पुढं झाल्या, चष्मा सरोजवहिनींकडे दिला आणि गालाला गाल लावायला वाकल्या. नेमक्या त्याच वेळी कार्मेनबाई अक्कांच्या पाया पडायला वाकल्या. दोघींची कपाळं अशी आपटली, की समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं. दोघी डोकं धरून उंबऱ्यावर बसल्या. लुसीयानं नंतर सांगितलं, आईही सहा महिने कोल्हापूरच्या रिती पाठ करत होती आणि पाया पडायची तालीम सोफ्यासमोर करत होती.

मी पुढं होऊन शुद्ध स्पॅनिशमध्ये स्वागताचं वाक्य म्हटलं. कार्मेनबाईंनी लुसीयाकडे वळून काहीतरी विचारलं. हे गृहस्थ कोणती भाषा बोलतात, असा तो प्रश्न होता, हे मला सन्मतीनं फार सौम्यपणे सांगितलं.

मग चांदणी. अंगणात टांगली, डोळ्यांना पट्टी बांधून एकेकानं काठी घातली. चांदणी नुसती झोके घेत राहिली. कार्मेनबाईंनी दोन्ही हातांनी हाणली, काठी मोडली. कारागीर कौतुकानं बघत उभा होता. "पावणं, मिरवणुकीत ट्रॉलीवरनं पडली तरी फुटायची न्हाय," असं त्यानं मला सांगितलं. शेवटी करवत आणली. सात पापं कापायला अर्धा तास लागला आणि आत शेंगदाण्याच्या लाडवांचा भुगा निघाला. तो सगळ्यांनी वाटीतून चमच्यानं खाल्ला. अक्का हसत नव्हत्या. कपाळावर टेंगूळ, हातात वाटी, "पहिल्या दोन्ही रिती फुकट गेल्या मास्तर," एवढंच पुटपुटल्या.

तीन वाजता पानं वाढली. मक्याची भाकरी, राजम्याची उसळ, लाल भोपळा आणि बिनलसणाचा खर्डा. कार्मेनबाई हातानं जेवल्या. खर्डा त्यांनी तीनदा मागून घेतला, मी एकदाच घेतला आणि रडलो. जेवण संपलं. आता काय, म्हणून अक्का कार्मेनबाईंच्या ताटाकडे बघत होत्या.

कुणी उठलं नाही. कार्मेनबाईंनी आपल्या नवऱ्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, आपल्या भाषेत. अक्का ऐकत होत्या, मग त्यांनी अण्णांचं सांगितलं, कोल्हापुरीत. सुरुवातीला मी मध्ये पडून भाषांतर करत होतो. दोघींनी एकदमच मला हातानं गप्प बसवलं. चार वाजले, पाच वाजले. सूर्य बुडाल्यावर अक्का पाण्याशिवाय काही घेत नाहीत, म्हणजे रात्रीचं जेवण आताच उरकायला हवं होतं. सरोजवहिनींनी दोनदा खुणावलं. "राहू दे गं," अक्का म्हणाल्या, "पोट भरलंय." बाहेर अंधारलं, सरोजवहिनींनी दिवा लावला, तरी दोघी बसूनच होत्या.

शेवटी अक्कांना राहवेना. "सन्मती, इचार बाबा एकदा. पसंत हाय का न्हाय?"

सन्मतीनं विचारलं. कार्मेनबाईंनी आपला उजवा हात दिव्यासमोर धरला. बोटांवर उसळ वाळून पांढुरकी झाली होती. त्या जे बोलल्या ते सन्मतीनं मराठीत सांगितलं. "आई, त्या म्हणतात, पोरगा चांगलाय हे त्यांना तिकडंच कळलं होतं. जेवलं की उठून जाणारं घर असंल तर मुलगी द्यायची नाही, एवढंच बघायला आल्या होत्या."

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला, तो डाव्या हातानं, कारण उजवा खरकटा होता.

लग्न झालं. यंदा सन्मतीकडे पाळणा हलणार म्हणून अक्का सहा महिन्यांसाठी मेक्सिकोला निघाल्या, ती पेठेत फिरवलेली बॅगच घेऊन. "एक वरीस उशीर झाला, पण रीत लागू पडली," असं त्यांनी मला बजावलं. निघायच्या आदल्या दिवशी मला जेवायला बोलावलं. भराभर जेवून ताटावरून उठायची माझी जुनी सवय.

"बसा मास्तर."

मी म्हटलं, बरी संधी आहे. "आणि न्हाय बसलं तर काय हुतंय?"

अक्कांनी थोडा विचार केला. "काय हुत न्हाय. पोट भरतंय, एवढंच."

माझ्या परीक्षेत त्यांना पन्नासपैकी नऊ मार्क पडले होते. ते मी आजही वाढवलेले नाहीत, कारण भाषा त्यांना येतच नव्हती.

परवा सकाळी सात वाजता मी त्यांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात. मागून कार्मेनबाईंचं खळखळून हसणं ऐकू येत होतं. "मास्तर, फोन मग करा," अक्का म्हणाल्या, "आम्ही बसलोय." तीन वाजता जेवायला बसलेल्या त्या दोघी अजून उठल्या नव्हत्या.

मी फोन ठेवला. समोर बायको होती, आमची दोघांची न्याहारीची भाकरी नुकतीच संपली होती. ती ताटं उचलायला लागली. मी म्हणालो, "बस जरा."

"का? काय झालं?" तिनं दचकून विचारलं, पण बसली.