शेकता शेकता सोयरीक

चहाचा घोट आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागेल. माझ्याच तोंडाने माझी कशी फजिती केली, ते सांगते.

माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी, अन् धुळ्याचे डॉक्टर म्हणतात, डोळे कोरडे आहेत! म्हणे पापण्यांतलं तेल गोठलंय, म्हणून ओलावा टिकत नाही. दवाखान्यातच मशीनने शेकून मोकळं करू. पाचोऱ्याच्या उन्हात राहून तेल गोठतं? पण म्हटलं, करा. संध्याकाळी धुळ्यातच, देवपूरला, मुलासाठी मुलगी बघायला जायचंच होतं. एका फेरीत दोन कामं.

सकाळी खुर्चीत बसवून डोळ्यांवर गरम पट्टी बांधली. काय सुख हो ते! शेजारच्या खुर्चीत अशीच पट्टी बांधलेली एक बाई आणून बसवली. दोघींनाही दिसत काही नाही. मग तोंड किती वेळ बंद ठेवणार?

"आज देवपूरला मुलगी बघायची आहे," मी सुरू केलं. "बँकेत आहे. आमचा पोरगा कित्येक वर्षं कुणाला हो म्हणेना, अन् हिचा फोटो बघून अडूनच बसलाय. हे मोडलं तर माझ्याशी बोलायचा नाही."

"मंग?" बाई म्हणाली.

"मग काय, लगेच हो म्हणायचं नसतं. आधी नाक मुरडायचं. उंची कमी वाटते म्हणायचं. मानपान नीट होतो."

"अन् पोरगा कसा शे?"

"सोन्यासारखा. फक्त घोरतो. शेजारचे भिंत ठोकतात. पण ते कोण सांगतंय?"

संध्याकाळी मी, आमचे हे अन् मुलगा देवपूरला पोचलो. डोळे हलके, अंगावर नवी साडी. मुलगी समोर येऊन बसली. पोरगा लाजून फरशी बघतोय. मी घसा खाकरला.

"मुलगी छान आहे, पण उंची जरा..."

मुलीची आई गोड हसली. "अक्का, नाक आत्ता मुरडता का चहा झाल्यावर?"

तोच "मंग?"वाला आवाज! पोराचं लग्न मी स्वतःच मोडलं, म्हटलं. अन् बाई कुठली थांबते? सकाळचं बठ्ठं सांगून टाकलं, घोरण्यासकट. हे माझ्याकडे बघतात, पोरगा माझ्याकडे बघतो.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, पोटात काहीच न राहणारी सासू शोधून सापडायची नाही. मला सासू पसंत आहे."

मग पोराकडे बघून म्हणाली, "यांचं बघू."