दोन मजली तळघर आणि आमची विहीर

आमच्या घराला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर सहा मजली ऑफिस बिल्डिंग होणार, हे आमच्या अख्ख्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, सगळ्यांत शेवटी मला कळलं. मी शाळेत गणित शिकवतो आणि दुपारी घरी येऊन आडवा होतो, त्यामुळे बातम्या माझ्यापर्यंत शिळ्या होऊनच येतात. वर सहा मजले ऑफिसं आणि खाली गाड्यांसाठी दोन मजली तळघर. सहा मजल्यांचं मला विशेष वाटलं नाही. काचेतून लोक आमच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे पाहतील, पाहू देत बापडे. माझा जीव अडकला तो तळघरात, कारण त्या प्लॉटच्या भिंतीपासून दहा पावलांवर आमची विहीर आहे.

ती वडिलांनी घराच्या आधी खोदली होती. तेव्हा शहराबाहेर वाडीकडच्या या भागात नळ नव्हते. पुढे नळ आले, पण मे महिन्यात त्यांतून नुसती हवा येते, बोअर कोरडे पडतात आणि गल्ली बादल्या घेऊन आमच्याकडे येते. शेजारी दोन मजले खोल खड्डा खणला, त्यातलं पाणी पंपानं उपसलं, की आमच्या विहिरीचं पाणी तिकडे धावणार. यात न समजण्यासारखं काय आहे? पण आमच्या लोकांना हे समजावायला मला दोन मीटिंगा घ्याव्या लागल्या.

पहिल्या मीटिंगमध्ये समोरचे काका म्हणाले, "सर, काहून टेन्शन घेऊन राहिले? बिल्डिंग झाली तं दुपारची सावली भेटन. मे महिन्यात आपल्याले अजून काय पाहिजे?" लगेच चार माना हलल्या. एका बाईंनी ऑफिसवाल्यांसाठी डबे सुरू करायचं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मी इतका चिडलो की चहा न पिता उठून आलो. दुसऱ्या मीटिंगला शाळेतून फळा आणला, विहीर काढली, खड्डा काढला, मधे बाण काढला. तेव्हा कुठे सह्या झाल्या. एकाने पुण्यातल्या भावाचीही सही ठोकून दिली, ती मला खोडावी लागली.

हरकतीच्या अर्जावर सुनावणी लागली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, सोबत काका. बिल्डरचा इंजिनियर तरुण आणि फार नम्र होता, त्यामुळे तो मला जास्तच खटकला. त्याने माती तपासणीचा अहवाल सुनावणी घेणाऱ्या साहेबांपुढे ठेवला. आत फोटो होता: जमिनीत भोक पाडणारं मशीन, दोन मजूर आणि भिंतीवरून मशीनपर्यंत आलेला हिरवा पाइप. त्या पाइपला मधे सायकलची ट्यूब गुंडाळली होती. ती मीच गुंडाळली होती. खाली लिहिलं होतं, शेजारच्या रहिवाशांनी विहिरीचे पाणी देऊन सहकार्य केले.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "सर, विहीर तुमचीच ना?"

"हो."

"आणि पाइप?"

"तोही."

काका वर फिरणारा पंखा बघू लागले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते वाचायची मला गरजच नव्हती.

घरी येऊन मी चप्पलही काढली नाही. "काहून देल्लं वं माय तू त्याहीले पाणी?"

आई तांदूळ निवडत होती. "मशीनले लागून राहिलं होतं म्हणे. मांगतलं त्याहीनं."

"किती वेळ?"

"तीन दिवस. तू शाळेत होता." मग तांदळातला खडा बाजूला टाकत, "चहा बी देल्ला."

मी डोक्याला हात लावला. आमची विहीर कोरडी करायची तयारी आमच्याच विहिरीच्या पाण्यावर झाली होती, वर चहा! मी बोलत सुटलो, अर्ज, सह्या, फळा, सगळं ऐकवलं. म्हटलं, निदान कोण आहेत एवढं तरी विचारायचं होतं.

"ते नाही इचारत मी," आई म्हणाली.

याचाच मला जास्त राग आला. भिवापूरकडच्या तिच्या गावात ती लहानपणी विहिरीपासून लांब, पाण्याची रिकामी गुंडी घेऊन उभी राहायची. कोणी येऊन वरून पाणी ओतलं तर घरी पाणी जायचं. ओतणारा आधी विचारायचा, कोणाची गं तू? आमची विहीर झाली तेव्हापासून तिने पाणी मागणाऱ्याला हा प्रश्न कधी विचारला नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. मी फळ्यावर सगळ्या गल्लीला शिकवलं आणि घरातल्या माणसाला सांगायचं तेवढं राहून गेलं. कारण ती नाही म्हणणार नाही, हेही मला ठाऊक असणार.

मंजुरी आली. तिच्यात शेजारच्या विहिरीची योग्य ती काळजी घ्यावी, असं एक वाक्य होतं. ती कोणी घ्यायची हे लिहिलेलं नव्हतं. प्लॉटभोवती पत्रे उभे झाले, खड्डा झाला आणि पंप सुरू झाला. जाड पाइपातून पाणी दिवसभर नालीत पडत राहिलं. मी तक्रारीचे अर्ज करत राहिलो, त्यांच्या पोच मिळत राहिल्या. मार्चमध्ये विहिरीच्या भिंतीतली, मी जन्मात न पाहिलेली लोखंडी कडी उघडी पडली. एप्रिल संपता संपता तळाला गाळ उरला. काका रोज वाकून पाहायचे आणि "सर, तुमचं बरोबर होतं" म्हणायचे. मला त्यांना विहिरीत ढकलावंसं वाटायचं, पण आत पाणीच नव्हतं.

एका रविवारी दुपारी फाटक वाजलं. साइटवर टोपली उचलणारी बाई होती, हातात प्लॅस्टिकची कॅन. खड्ड्यातलं पाणी गढूळ होतं, तिला प्यायला हवं होतं. आई खिडकीतून बघून मागे फिरली आणि पलंगावर बसली. घरात टँकरचं पाणी होतं, दोन गुंड्या, मंगळवारपर्यंत पुरवायचं.

"तू जाय," ती म्हणाली. "माह्यानं नाही म्हणवत नाही."

गेलं वर्षभर त्या प्लॉटला मला नाही म्हणायचं होतं. मी फाटकापर्यंत गेलो आणि त्या बाईला म्हणालो, "पाणी नाही."