आतोबांची नेपाळची तयारी

माझ्या आतोबांइतका डोंगर चढायला नालायक माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि माझं नशीब असं की नेमके तेच नेपाळला ट्रेकला निघाले, तेसुद्धा मला बरोबर घेऊन. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मुरुडला त्यांचं छोटंसं लॉज आहे, मागे नारळाची वाडी, पुढे समुद्र. आयुष्यात त्यांनी गाठलेली सगळ्यात मोठी उंची माडाची, ती पण एकदाच, नारळ पाडायला माणूस मिळाला नाही म्हणून. चढले एकटे, उतरवायला मात्र शेजारपाजार लागला.

सगळं झालं ते धनबहादूरमुळे. हा त्यांच्या लॉजचा नेपाळी आचारी, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. पावसाळ्यात लॉज बंद झालं की गावाला जायचा आणि परत आला की पहिलं वाक्य, "साब, एक बार हमारे घर आओ." आतोबांचं उत्तर ठरलेलं, "अगले साल पक्का." गेल्या वर्षी तो गेला आणि आलाच नाही. त्याच्या मुलाचा फोन आला, वय झालं, कानाने ऐकू येत नाही, आता नाही पाठवत.  मग एके दिवशी आतोबा पुण्याच्या एका ट्रेकवाल्याकडे दोघांचे पैसे भरून मोकळे. कारण काय, तर त्या लोकांची वाट धनबहादूरच्या गावावरून जाते. "फोनवर त्याला ऐकायला येत नाय," आतोबा म्हणाले, "म्हंजे तोंड दाखवायलाच जायला लागणार."

तेव्हापासून माझा जीव मेटाकुटीला आला. जन्मभर गिऱ्हाइकांना "गरम पाणी सकाळी एकदाच मिळेल" म्हणून दरडावणारा हा माणूस ट्रेकच्या लीडरला रोज फोन करून विचारायचा, तंबूतल्या संडासाला आतून कडी आहे का, उशी कापसाची की स्पंजची. लीडर बिचारा "काका, काका" करत राहायचा. मग थंडीची तयारी. मुरुडला थंडी आणायची कुठून? आतोबा कानटोपी घालून बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसायला लागले. कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन यायच्या आणि लादीवर बसलेले आतोबा बघून तोंडाला पदर लावून परत फिरायच्या. मी म्हटलं, "आतोबा, न्यूमोनिया होईल." तर म्हणे, "सवयीचा प्रश्न हाय रे. बांगडा राहतो, मी न्हाय राहणार?"

"बांगडा मेलेला असतो, आतोबा."

"तुझी जीभ कापून त्याच लादीवर ठेवली पायजे."

सामानाचं तर विचारूच नका. लीडरने स्पष्ट सांगितलं होतं, पाठीवर हलकं घ्या. पण कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं कसं? म्हणून पिशवीत वाडीतले नारळ, सुकट, आमसुलं, कुळथाचं पीठ. लोकरीच्या मोज्यांना जागा उरली नाही, ते आत्याने नारळांनाच घातले, आपटून फुटू नयेत म्हणून. आत्या मला हळूच म्हणाली, "बाबू, त्यांना अडव रे कसंतरी." मी काय अडवणार? मी फक्त त्यांची नक्कल करू शकतो.

आणि बूट! माणगावहून महागातले आणले. लीडर म्हणाला होता, जायच्या आधी पायात घालून मऊ करून घ्या. आतोबांनी त्याचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला. नवी चप्पल चावू नये म्हणून आपण तिला तेल पाजतो ना? यांनी बूट खोबरेल तेलाच्या घमेल्यात बुडवले आणि घमेलं अंगणात उन्हात ठेवलं. "कातडं तेल प्यायलं की लोण्यासारखं होतंय," हे वर मलाच ज्ञान.

शेवटी लीडर म्हणाला, काका पिशवी घेऊन एखादी टेकडी चढतानाचा व्हिडिओ पाठवा. आम्ही दत्ताच्या टेकडीवर गेलो. पायऱ्या चढायला लागलो न लागलो, तोच दोन्ही बुटांचे तळ शिजलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांसारखे उघडले. मी हसून हसून खाली बसलो. आतोबांनी बूट काढून फेकले आणि अनवाणी निघाले. अर्ध्यावर गेले आणि कठडा धरून बसले. चेहरा पांढरा, हात छातीवर. माझं हसू जागच्या जागी गेलं. मी व्हिडिओ बंद केला.

"बंद का केलास?" ते धापा टाकत म्हणाले. "लीडरला खोटं दाखवू नकोस. जाऊ दे तसाच."

गेला तसाच. संध्याकाळी लीडरचा फोन आला. वर दवाखाना नाही, काकांना नेता येणार नाही. हवं तर जीप जाते त्या गावापर्यंत या, तिथे थांबा.

आतोबा ओटीवर बसून राहिले. आत्याने चहा दिला, तो गार झाला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसलं काही वाटेना.

मग ते एकदम म्हणाले, "तू जा वर. धनबहादूरला खुणेनं सांग, साहेब खाली येऊन थांबलेत."

"अहो, तो काय घरात बसणार आहे का मग? पळत सुटेल खाली."

"व्हय," आतोबा म्हणाले. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग समुद्राकडे बघत, माझ्याशी नव्हेच, असं पुटपुटले, "म्हंजे ह्या वेळेला पण तोच आला. मी न्हायच गेलो."